वाटी कोणी उचलली?

तीन उपड्या वाट्या, एकीखाली चिंचोका. भाची एका वाटीवर बोट ठेवते. चिंचोका कुठे आहे हे ठाऊक असलेला मामा उरलेल्या दोहोंतली रिकामी वाटी उचलून दाखवतो आणि विचारतो, "बदलायची का?" दोनच वाट्या राहिल्या, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी, बदलून काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण बदललं तर जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते, आणि पहिल्याच वाटीला चिकटून राहिलं तर एक-तृतीयांशच राहते.

या कोड्याचं मूळ बरंच जुनं आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी 1889 च्या आपल्या पुस्तकात तीन पेट्या मांडल्या. प्रत्येकीला दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक पदक. एका पेटीत दोन्ही सोन्याची, दुसरीत दोन्ही चांदीची, तिसरीत एक-एक. डोळे मिटून एक कप्पा उघडला आणि सोनं निघालं, तर त्याच पेटीच्या दुसऱ्या कप्प्यातही सोनं असण्याची शक्यता किती? इथेही मन 'निम्मी' म्हणतं, कारण ते पेट्या मोजतं. मोजायचे असतात कप्पे. सोन्याची पदकं तीन, आणि त्यातल्या दोघांचा जोडीदार सोन्याचाच!

1959 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात हाच पेच तीन कैद्यांच्या रूपात मांडला. 1975 मध्ये स्टीव्ह सेल्विन यांनी त्याला टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळाचं रूप दिलं आणि सूत्रसंचालक मॉन्टी हॉल यांचं नाव कोड्याला कायमचं चिकटलं.

खरा भडका उडाला 1990 मध्ये. मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी 'परेड' साप्ताहिकात लिहिलं: एका दारामागे मोटार, दोन दारांमागे शेळ्या, दार बदला. सुमारे दहा हजार पत्रं आली, जवळजवळ हजार पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांनी त्यांनाच चूक ठरवलं. त्या डगमगल्या नाहीत. तीन कागदी पेले आणि एक नाणं घेऊन वर्गात करून पाहा, असं त्यांनी शाळांना सांगितलं. पदव्यांच्या माऱ्यासमोर एवढं साधं साधन पुढे करायला मोठं धैर्य लागतं.

मग एवढी शिकलेली माणसं अडली कुठे? पुन्हा वाट्यांकडे येऊ. समजा, मामाने वाटी उचललीच नाही. मांजराच्या धक्क्याने उरलेल्या दोहोंतली एक उलटली आणि ती रिकामी निघाली. डोळ्यांना दिसतं तेच, पण आता शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी. मांजराच्या धक्क्याने चिंचोकाही उघडा पडू शकला असता. मामा मात्र जाणूनबुजून तो टाळतो, आणि त्याचं ते टाळणं हीच भाचीला मिळालेली बातमी असते. वाटी रिकामी आहे एवढं पाहून भागत नाही, ती कोणी आणि काय माहीत असताना उचलली हेही हिशोबात धरावं लागतं.

पॉल एर्डिश हे विसाव्या शतकातले थोर गणिती, सुमारे पंधराशे शोधनिबंधांचे धनी. त्यांचे स्नेही अँड्र्यू वाझोनी यांनी त्यांना हे कोडं घातलं, तेव्हा दार बदलून काही फरक पडत नाही असं तेही म्हणाले. वाझोनींनी संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा चालवून दाखवला. आकडे बदलणाऱ्याच्या बाजूने पडत गेले. एर्डिश यांनी उत्तर मान्य केलं, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. आकडे पटले होते. त्यांना कारण हवं होतं.