पडलेल्या सिनेमाचं टिकलेलं गाणं

1986 साली आलेला 'हायलँडर' अमेरिकेत साफ पडला. तिथे त्याची कमाई 60 लाख डॉलरपर्यंतही पोचली नाही. आज मात्र तो सिनेमा न पाहिलेल्या अनेकांना त्यातलं 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरेव्हर' ओळखीचं असतं. अशा अ‍ॅक्शनपटांचं रॉक संगीत का टिकलं, याचं उत्तर स्मरणरंजनावर ढकलून मोकळं होता येतं. पण तसं असतं तर त्या काळातली सगळीच गाणी तगली असती. माझ्या मते तगली ती गाणी, ज्यांनी पटकथेला न पेललेली भावना स्वतःच्या अंगावर घेतली.

हे एकदम घडलं नाही. 'ईझी रायडर'मध्ये (1969) डेनिस हॉपरने तयार रेकॉर्डच मोटारसायकलींच्या प्रवासाला जोडल्या. त्यांनी काळ उभा केला, पण ती गाणी सिनेमासाठी जन्मली नव्हती. 1980 च्या 'फ्लॅश गॉर्डन'मध्ये क्वीन हा रॉक बँड थेट पार्श्वसंगीतात उतरला. पुढच्याच वर्षी एमटीव्ही सुरू झालं. त्यावर दाखवलेला पहिला व्हिडिओ रसेल मल्काहीचा होता आणि 'हायलँडर'चा दिग्दर्शकही तोच. त्यामुळे हा सिनेमा म्हणजे लांबवलेला म्युझिक व्हिडिओ, असा आक्षेप घेता येतो. कथेपुरता तो मला मान्य आहे. शतकांच्या उड्या मारताना तर्क बराच मागे राहतो. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातला तो भाग पाहा. अमर असलेला नायक कॉनर तरुणच राहतो, त्याची बायको हेदर म्हातारी होत जाते आणि दोघांचं अख्खं आयुष्य 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरेव्हर' या एका गाण्यात सरतं. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने चित्रित झालेले प्रसंग पाहूनच ते लिहिलं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज सुरुवातीला अगदी दबका आहे; मग मायकेल केमनचा वाद्यवृंद त्याला वर उचलतो. अमरत्व हा शाप आहे, हे पटवायला संवादांची पानंच्या पानं लागली असती.

दुसरा आक्षेप बाजाराचा. साउंडट्रॅक हा अल्बम खपवण्याचा धंदा होता, हे खरंच आहे. 1994 च्या 'द क्रो'चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यातही हिशेब होताच. पण निवड डोळसपणे केलेली होती. जेम्स ओबारच्या मूळ कॉमिकवर जॉय डिव्हिजनची गडद छाया आहे, म्हणून नाइन इंच नेल्सनी त्याच बँडचं 'डेड सोल्स' गायलं. द क्युअरने तर 'बर्न' खास या सिनेमासाठी रचलं. चित्रीकरणातल्या अपघातात सिनेमाचा नायक ब्रँडन ली गेला, त्या दुःखालाही या संगीतात जागा मिळाली. जाहिरातीने पहिल्या आठवड्याची विक्री होते. तीस वर्षांनी कुणी त्यातलं गाणं लावतं, त्यामागे जाहिरात नसते.

निर्मात्यांनाही गाण्यांची ही ताकद उमगलेली दिसते. 1992 मध्ये 'हायलँडर'ची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचा नायक वेगळा होता, नटही वेगळा होता. शीर्षकगीत मात्र क्वीनचंच ठेवलं: 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स'.