मालकी आणि माहिती

खंडेनवमीच्या दिवशीं घरांतील हत्यारांची पूजा करण्याचा आमच्याकडे परिपाठ आहे. पूर्वीं पाटावर विळी, कोयता, अडकित्ता मांडीत व शिवण्याच्या यंत्रास फुलें वाहीत. अलीकडे त्यांच्या पंक्तीस लॅपटॉपही येऊन बसला आहे. गेल्या वर्षीं त्यास हळदकुंकू वाहतांना आमच्या मनांत एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. कोयत्यास धार कशी लावावी हें आमच्या वडिलांस ठाऊक होतें. शिवण्याच्या यंत्राचा पट्टा निसटला तर मातोश्री तो स्वतः बसवीत. परंतु आपलें लेखन, पत्रव्यवहार आणि पैशाचा हिशेब आम्हीं ज्याच्या स्वाधीन केला, त्या यंत्राच्या पोटांत काय आहे हें आम्हीं एकदांही पाहिलें नव्हतें. जिचें अंतरंग आपणांस अपरिचित, ती वस्तु खरोखर आपली म्हणावी काय?

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर तो आम्हीं सोडूनही दिला असता. पण थोड्याच दिवसांत तें यंत्र तापून आपोआप बंद पडूं लागलें. दुरुस्तीच्या एका दुकानीं ‘मदरबोर्ड गेला, आतां नवाच घ्या’ असा सल्ला मिळाला. घरीं कन्येनें धीर दिला, आणि एका रविवारीं जुनें वर्तमानपत्र पसरून आम्ही उभयतां त्याच्या शस्त्रक्रियेस बसलों. झांकण काढून सर्वांआधीं बॅटरीची जोडणी सोडविली. प्रत्येक स्क्रू आपापल्या जागेच्या क्रमानें कागदावर मांडून ठेविला. कारण त्यांची लांबी सारखी नसते, आणि आंखुडाच्या भोंकांत लांब स्क्रू पिळला तर आंतील भागांस इजा होते. उष्ण वारा जेथून बाहेर पडावयाचा, तेथें पंख्याच्या तोंडाशीं धुळीची जाड गादीच सांचली होती. ती काढली, प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांमधील वाळलेला लेप पुसून नवा लाविला. यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

मात्र येथेंच तुतारी फुंकणें अप्रामाणिकपणाचें होईल. कीबोर्डची कागदासारखी पातळ पट्टी पुन्हां बसवितांना तिची नखाएवढी कडी आमच्याच हातून मोडली, आणि आज त्या यंत्रास बाहेरून निराळा कीबोर्ड जोडून काम भागवावें लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्याचें काम त्यानेंच करावें. श्रमविभाग हा सुधारणेचा पायाच आहे. तें खरेंच. फुगलेली लिथियम बॅटरी उचकटूं जाणें हा शुद्ध अविचार होय. ती भोंसकली गेल्यास पेट घेऊं शकते. परंतु ‘हें मी करूं नये’ असें आपण जाणून ठरविणें आणि ‘हें याला करतांच येऊं नये’ अशी दुसऱ्यानें तजवीज करणें, यांत महदंतर आहे. वैद्याकडे जाणारा मनुष्य आपला देह वैद्याच्या नांवें करून देत नाहीं. बॅटरी डिंकानें चिकटविणें, मेमरी मदरबोर्डास झाळून टाकणें, सुटे भाग न विकणें, यांपैकीं कांहींचें कारण यंत्र बारीक व हलकें करणें हें असेलही; पण परिणाम असा होतो कीं, पुरते पैसे मोजणारा मालक भाडेकरूच्या पदवीस येतो. फ्रान्सनें २०२१ पासून लॅपटॉप कितपत दुरुस्त होऊं शकतो याचे १० पैकीं गुण ग्राहकास दाखविणें सक्तीचें केलें. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली.

हक्क कायद्यानें मिळेल; त्याच्या जोडीची जबाबदारी मात्र आम्हांस त्या मोडक्या कडीनें शिकविली. ती दुकानदाराच्या हातून मोडती तर आम्हीं त्यास चार शब्द सुनावले असते. येथें दोष द्यावयास आमच्याखेरीज कोणीच नव्हतें. वस्तूची मालकी पावती हातीं पडतांच पुरी होत नाहीं. ती बिघडल्यावर तिचा भार आपण उचलतों, त्यांत चुकतों, आणि ती चूक आपली म्हणून पत्करतों, तेव्हां कोठें ती पुरी होते.

यंदाच्या खंडेनवमीस त्या लॅपटॉपच्या शेजारीं आम्ही एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हरही पाटावर ठेवणार आहों.