'बकरा' कोण म्हणतो?

"बकरा सापडला!" हे वाक्य कुणाच्या तोंडचं? ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्या. तरीही फसलेल्या माणसाला आपण सर्रास बकरा म्हणतो आणि नकळत सुरीवाल्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

ही खोड जुनी आहे. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ साली ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश छापला, 'रामसीयाना'. त्यात सावज ठरलेल्या वाटसरूसाठी शब्द आहे 'बनिज', म्हणजे व्यापारातला माल. स्लीमनचं सगळंच खरं मानायला आजचे अनेक इतिहासकार तयार नाहीत. हा शब्द मात्र पटतो. ज्याच्यासोबत गप्पा मारत मजल-दरमजल चालायचं, त्याच्याच गळ्याला रुमालाचा फास लावायचा, तर त्याला आधी माणसांतून काढावंच लागणार.

आपण गळे आवळत नाही, नुसते हसतो. मामा बनवला, टोपी घातली, शेंडी लावली, चुना लावला. फसवणाऱ्याला मात्र 'चारसोबीस' म्हणताना आवाजात किंचित कौतुकच असतं. १ जुलै २०२४ पासून ४२० कलमाच्या जागी न्याय संहितेचं ३१८ आलं, कौतुक तसंच राहिलं.

ओळखीतले एक निवृत्त शिक्षक 'डिजिटल अरेस्ट'च्या जाळ्यात सापडले. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही" असा दम. गुरुजींनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात आरटीजीएसचा फॉर्म भरून मुदतठेव मोडली. याला भोळसटपणा म्हणायचं? जन्मभर सरकारी शिक्क्याला मान देणारा माणूस शिक्का बघून घाबरला, इतकंच. घरी कळल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, एवढे शिकलेले तुम्ही, बकरा कसे झालात?" हे ऐकावं लागणार हे ठाऊक होतं, म्हणूनच ते आधी कुणाला काही बोलले नव्हते. तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात पांगले होते.

चोराला हवी असते ती हीच गप्प बसण्यातली सवड, आणि ती त्याला आपल्या हसण्यातून मिळते.

'डिजिटल अरेस्ट' अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. घरात कुणी असं फसलं, तर पहिल्यांदा १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावा. टोमणे नंतरही मारता येतील. नाही मारलेत तर उत्तम.