नसण्याचा पुरावा

२००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी वेबपानांच्या चाचण्या आपोआप करणाऱ्या सेलेनियमची सुरुवात केली, ती कामाचे तास आणि खर्च नोंदवायच्या कंपनीच्याच एका ॲप्लिकेशनसाठी. हातानं पुन्हापुन्हा करायचे तेच ते क्लिक प्रोग्रामवर सोपवायचे होते. २०२० मध्ये त्याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. आता एका कमांडमध्ये क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट हे ब्राउझर मशीनवर उतरतात आणि पहिली चाचणी जेवणाच्या सुट्टीआधी हिरवी, म्हणजे पास, होते. मला धास्ती वाटते ती या हिरव्या रंगाचीच.

फॉर्म भरून ‘जतन करा’ दाबायचं आणि ‘मोबाइल क्रमांक चुकीचा आहे’ हा संदेश येत नाही ना, ते बघायचं. इतकी साधी चाचणी. सर्व्हरचं उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. चाचणी त्याआधीच पानाकडे बघते, संदेश नाही, पास! मागाहून लाल अक्षरं उमटली तरी ती बघायला कुणी थांबलेलंच नसतं. एखादी गोष्ट दिसायला हवी असं सांगितलं, तर प्लेराइट एरवी ५ सेकंदांपर्यंत वाट बघतं. ‘नसावी’ म्हटलं आणि ती पहिल्या नजरेला नसली, की त्याचं समाधान तिथेच होतं.

या पेचाचा आपल्याकडे फार बारकाईनं विचार झाला आहे. भूतलावर घट नाही, हे कळतं कशानं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं. अभावही प्रत्यक्षानंच कळतो, असं नैयायिकांचं म्हणणं. पण एक अट दोघांनाही मान्य होती: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याच्या न दिसण्याला अर्थ. काळोखात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही.

चाचणीत ‘दोन सेकंद थांब’ असं लिहिण्याला माझा विरोध आहे तो यासाठी. सेकंद मोजून उजेड पडत नाही. आपल्या लॅपटॉपवर ते पुरतात, चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सीआय सर्व्हरवर गर्दी असली की पुरत नाहीत, आणि तीच चाचणी सकाळी हिरवी, दुपारी लाल. ‘अर्ज जतन झाला’ हे आधी दिसू द्यावं, मग चूक दाखवणारा संदेश नाही हे तपासावं.

१९६९च्या रोममधल्या नाटो परिषदेत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा म्हणाले होते, चाचण्यांनी दोष असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही. हे विधान चाचण्यांना कमी लेखायला वापरतात, ते मला पटत नाही. या पानावर, या क्रमांकासाठी, हा संदेश आला नाही, एवढं तरी छातीठोकपणे सांगता येतं. फक्त तो आला असता तर आपल्याला दिसला असता, याची सोय करावी लागते. म्हणून शेजारी आणखी एक चाचणी हवी: मुद्दाम नऊच आकडी क्रमांक द्यायचा आणि तोच संदेश पानावर शोधणाऱ्या त्याच लोकेटरनं सापडतो का, ते बघायचं. उद्या कुणी संदेशाचे शब्द बदलले, तर पहिली चाचणी काही न बघताच हिरवी राहील. ही दुसरी त्याच दिवशी लाल होईल.