शेजारणीने शिकवावे काय?

एखादे पोर क्षणभर एका जागी ठरत नाही, सांगितलेले अर्ध्यावर विसरते, पंक्तीत बसविले तर पान टाकून पळते. लोक म्हणतात, "आईबापांनी लाडावून ठेवलंय!" डॉक्टर ज्याला ए.डी.एच.डी. म्हणतात, त्याचे कारण हे लाड नव्हेत. मेंदूची घडणच तशी असते व ती पुष्कळदा वंशातून उतरते.

मग शिक्षण आईबापांना कशाला? तर अशा मुलास सांभाळण्याची हातोटी निराळी आहे, म्हणून. जवळ जाऊन एका वेळी एकच गोष्ट थोडक्यात सांगावी, केली की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी, बारीकसारीक खोडीकडे काणाडोळा करावा. चार-पाच वर्षांच्या मुलांस औषधाआधी ही वाट धरावी, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली सांगितले.

तज्ज्ञ थोडे, गरजू फार. तेव्हा हे काम स्वयंसेवकांनी करावे काय? कोणी म्हणेल, सेवाभाव असला म्हणजे झाले. आम्हांस हे मान्य नाही. "दोन ठेवून द्या, सरळ होईल," असे सांगणारेही प्रेमानेच सांगतात की!

लंडनच्या सदर्क भागात तिथल्याच काही पालकांना तयार करून त्यांच्याकडे असे वर्ग सोपविले आणि ११६ कुटुंबांत त्याची पारख केली. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे वागणे सुधारले, आईबापांची रीतही सुधारली. त्यांच्या मनावरचा ताण मात्र कमी झालेला दिसला नाही. ती मुले त्रासदायक वागणुकीची होती, ए.डी.एच.डी.चीच म्हणून निवडलेली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

ताणाची ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. "सगळं ठीक होईल" असे वचन स्वयंसेवकाने देऊ नये. रोग ठरविणे त्याचे काम नव्हे. गोळी बंद करा म्हणणे तर नव्हेच. घरातले कानी पडले ते चावडीवर जाता कामा नये. आई खचलेली दिसली तर तिला कोणाकडे न्यावे, हे त्यास ठाऊक हवे; म्हणजे पाठीशी जाणता माणूस हवाच. फुकट हात मिळाले म्हणून सरकारने तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या ठेवल्या, तर तो सेवेचा गैरफायदा होय.

एवढे सांभाळले, तर आम्ही शेजारणीच्या बाजूचे. जिचे स्वतःचे पोर असे आहे, तिच्यापाशी दुसरी आई हळूच बोलून जाते, "काल मी त्याला फार मारलं हो." हे ती डॉक्टरांच्या टेबलापुढे सहसा बोलत नाही.