तिरप्या काचांतला उजेड

थांबा. उंबऱ्यातच थांबा.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं हे जुनं घर, हॅडन हॉल. खाली वाय नदी. आत लांबच लांब दालन. आज इथे लग्न आहे.

पाहुणे अजून यायचेत. खुर्च्या मांडून झाल्यात.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

खिडकीकडे बघा. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या काचा, शंकरपाळ्यांच्या आकाराच्या. एकही शेजारणीच्या पातळीत नाही. कुणी बाहेर झुकलेली, कुणी आत. म्हणून उजेड इथे सपाट पडत नाही. थरथरत येतो.

त्यातली एकच काच निवडा. तिच्यापाशी राहा.

ढग येतो. काच विझते.

ढग जातो. काच उजळते.

पुन्हा बघा.

आता तो उजेड भिंतीवरच्या लाकडावर उतरतोय. त्याच्यामागून जा. लाकडात कोरलेला मोर दिसतो. आणि जवळच रानडुकराचं डोकं. मोर मॅनर्स घराण्याचा, डुक्कर व्हर्नन घराण्याचं. सोळाव्या शतकात डोरोथी व्हर्नन आणि जॉन मॅनर्स यांचं लग्न झालं. ती रात्री घरातून पळाली, असं लोक सांगतात. गोष्ट गोड आहे. मला मात्र हे लाकूड जास्त जवळचं वाटतं. इथे कुणी पळत नाही. दोन घराणी शेजारी शेजारी, उजेडाची वाट बघत.

मधली दोनेकशे वर्षं घर जवळजवळ रिकामं होतं. तेव्हाही हा उजेड रोज येत होता. कुणी बघायला नसताना.

ती शांतता ऐका.

इंग्लंडमधल्या १९९४च्या विवाह कायद्यानंतर अशा घरांत नोंदणी लग्नं लागू लागली. त्यात धार्मिक विधी नसतात. दोन साक्षीदार लागतात. आणि तेवढा वेळ दार लोकांसाठी उघडं ठेवावं लागतं. कुणीही आत यावं, बघावं. हा नियम मला फार आवडतो.

तुम्हीही आलात, तसेच.

पावलं वाजतायत. जुन्या फळ्यांवर, हळू.

अंतरपाट धरलेला असताना श्वास जसा आपोआप थांबतो, तसा थांबतोय का? थांबू दे.

ती दोघं खिडकीपाशी उभी राहतात. बोलायच्या आधी एकमेकांकडे बघतात.

तुमची काच शोधा.

ढग सरकतोय.