सहावी सूना

स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली किती लिटरची असावी, हा प्रश्न ओट्याखालच्या जागेवर आणि दुकानातल्या किमतीवर सोडून दिला जातो. मला तो गृहस्थधर्माचा प्रश्न वाटतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पंचसूना सांगितल्या आहेत. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात, आणि त्या दोषाच्या निवारणासाठी त्याने रोज पाच महायज्ञ करायचे. यज्ञांचा तपशील बाजूला ठेवला तरी त्यामागची दृष्टी मोलाची आहे. हिंसा शोधायला ती रणांगणावर जात नाही, चुलीपाशीच थांबते. हेतू नव्हता म्हणून दोषही नाही, असं ती म्हणू देत नाही. आणि हिशेब रोजच्या रोज मागते. वर्षाकाठी एखादं दान करून त्यातून सुटका नाही. आज अशी यादी नव्याने करायची झाली, तर कचऱ्याची बादली तिच्यात सहावी म्हणून घालावी लागेल.

कारण आजच्या घरातली सगळ्यात मोठी नकळत होणारी हानी तिच्यातूनच जाते. भाजीची देठं, साली, खरकटं हे मुळात मातीचं अन्न. तेच प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून डेपोवर ढिगाखाली दाबलं गेलं, की हवेविना कुजतं. त्यातून मिथेन निघतो आणि काळं पाणी झिरपून जमिनीत उतरतं. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर दिवसचे दिवस राहिला. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरींचं काय केलं, हे तिथले गावकरी वर्षानुवर्षं आंदोलनं करून सांगत आले आहेत. आता बादलीचा आकार यात कुठे येतो? पंचवीस लिटरची बादली चार दिवस भरत नाही. तेवढ्यात तळाचा ओला कचरा सडतो, वरून दुधाच्या पिशव्या आणि कागद पडतात, सगळं एकमेकांत माखतं, आणि मग ते वेगळं करणं कोणालाही नकोसं होतं. चौघांच्या घरातला दिवसाचा ओला कचरा साधारण किलोभराच्या आत-बाहेर असतो. त्याला पाच लिटरची बादली पुरते. ती रात्री रिकामी करावीच लागते आणि रिकामी करताना पोळीचे तुकडे, नासलेली भाजी, न खाल्लेला भात डोळ्यांसमोर येतो. अन्नाची हेळसांड करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदात व्रत म्हणून सांगितलं आहे. ते मोडलं की नाही, हे कळायला मोठ्या बादलीत वावच राहत नाही. सुक्या कचऱ्याचं तसं नाही. तो धुऊन, वाळवून ठेवला तर मोठ्या पिशवीत आठवडाभर राहिला तरी बिघडत नाही.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप असा येईल, की ज्या ग्रंथाचं दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालं, त्याच्याकडून नीती कशाला शिकायची? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. केरसुणीखाली चिरडलेल्या मुंगीचा दोष मोजणाऱ्या त्याच ग्रंथाने माणसांच्या काही समूहांना गावाबाहेर राहायला लावलं. घराची शुद्धी आणि घाण उचलणाऱ्याची अशुद्धी या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या. म्हणून पंचसूनेतला रोजचा हिशेब घ्यावा. प्रायश्चित्ताचं ओझं खाली सरकवण्याची सोय मात्र ठामपणे नाकारावी. मोठी, घट्ट झाकणाची बादली नेमकी तीच सोय पुरवते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतल्या कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच दलित समाजातल्या. चार दिवस सडलेली मिसळ पिशवी उघडायची वेळ अशाच कोणावर तरी येते. आपल्या घरातली दुर्गंधी आपल्या नाकाला टाळता आली, म्हणून ती संपलेली नसते.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा आहे. कारखाने आणि वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्या ढीगच्या ढीग निर्माण करत असताना घरातल्या पाच लिटरचं काय घेऊन बसायचं? कंपन्यांना जबाबदार धरायलाच हवं आणि प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकांवर तशी जबाबदारी टाकलेलीही आहे. पण आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो, आणि तो कोणत्याही कंपनीच्या वेष्टनातून आलेला नसतो. तो वेगळा करून देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केलं. आकाराचा आग्रह सगळ्यांना सारखा लावता येणार नाही, हे मात्र मान्य करायला हवं. जिथे घंटागाडी दिवसाआड येते, तिथे दहा लिटरची बादलीच योग्य. एकत्र कुटुंबाला त्याहून मोठी लागेल. गणपतीच्या दिवसांत निर्माल्यासाठी वेगळी टोपली आणि पाहुण्यांच्या पंगतीला जादा डबा काढावा लागेल. सणाच्या त्या चार दिवसांचं माप धरून वर्षभराची बादली घेणं तेवढं टाळावं.